सक्रिय लष्करी सेवेतील सीपीए आणि परवान्याची सवलत: शुल्क माफ करावे, अभ्यास माफ करू नये

खतावणी

अमेरिकेत सीपीएचा, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या प्रमाणित लेखापालाचा, परवाना केंद्र सरकार देत नाही. पन्नास राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि चार भूप्रदेश अशा 55 ठिकाणची लेखाव्यवसाय मंडळे आपापल्या कायद्यानुसार तो देतात. त्यामुळे नॅशनल गार्डमध्ये (राज्यांच्या अर्धवेळ सैन्यदलात) किंवा राखीव दलात नाव असलेल्या सीपीएला सक्रिय सेवेचा हुकूम आला, तर त्याच्या परवान्याचे काय व्हायचे हे तो कोणत्या राज्याचा परवानाधारक आहे यावर ठरते. मी कॅलिफोर्नियात काम करतो, म्हणून तिथल्या नियमापासून सुरुवात करतो.

कॅलिफोर्नियाच्या व्यवसायविषयक संहितेतील कलम 114.3 नुसार, सक्रिय सेवेत बोलावलेल्या परवानाधारकाचे नूतनीकरण शुल्क आणि निरंतर शिक्षणाची, म्हणजे ठरावीक तास अभ्यास करण्याची, अट मंडळाने सेवेच्या काळापुरती माफ करायची असते. त्यासाठी बोलावणे आले तेव्हा परवाना चालू असायला हवा आणि सेवेचा लेखी पुरावा द्यायला हवा. सेवामुक्त झाल्यावर पुन्हा काम करायचे असेल, तर मंडळ ठरवील त्या नूतनीकरणाच्या अटी सहा महिन्यांत पूर्ण कराव्या लागतात.

माझे मत असे आहे की या दोन सवलती एकाच वाक्यात लिहिल्या जातात, पण त्यांची जात वेगळी आहे. शुल्क हे परवानाधारकाचे मंडळाशी असलेले देणे आहे. ते खुशाल माफ करावे, किंबहुना अर्जाची वाट न पाहता करावे. अभ्यासाचे तास मात्र मंडळाला देणे नसतात, ते अशिलाला देणे असतात, आणि अशिलाच्या वतीने ते सोडून देण्याचा अधिकार मंडळाला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही शिल्लक पुढे ओढावी, खोडू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी सीपीए 2017 च्या उन्हाळ्यात हुकमावर गेली आणि 2018 च्या शरदात परतली. मधल्या काळात, 22 डिसेंबर 2017 रोजी, नव्या करकायद्यावर सही झाली. कंपन्यांचा दर 35 टक्क्यांवरून 21 टक्के झाला, राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला 10,000 डॉलरची मर्यादा आली, वैयक्तिक सूट स्थगित झाली आणि लहान व्यावसायिकांसाठी 199ए हे अख्खे नवे कलम आले. स्थलांतराच्या खर्चाची वजावट इतर सर्वांची गेली, ती फक्त कायम बदलीच्या हुकमावर हलणाऱ्या सक्रिय सैनिकांपुरती उरली. म्हणजे सैनिकांविषयीची तरतूदसुद्धा या परतलेल्या सैनिकाला नव्याने वाचावी लागली असती. अशा व्यक्तीने पुढच्याच करविवरणांच्या मोसमात, काहीही न वाचता, दोनशे विवरणपत्रांवर सही करावी का?

वांगीभात

खतावणी यांचे उदाहरण चांगले आहे, पण ते त्यांच्याच मताच्या विरोधात जाते असे मला वाटते. 2018 साली घरी बसलेल्या सीपीएने तरी नेमके काय शिकले होते? निरंतर शिक्षणाचा एक तास पन्नास मिनिटांचा धरतात. त्यातले कितीतरी तास आमच्या क्षेत्रातील लोक एका पडद्यावर व्याख्यान चालू ठेवून आणि दुसऱ्या पडद्यावर ईमेलला उत्तरे देत भरतात, हे या धंद्यात कोणाला माहीत नाही? मी स्वतः तसे केलेले आहे. विषय निवडण्याची मोकळीक इतकी असते की करविवरणे भरणारा माणूस निम्मे तास भलत्याच विषयांवर काढू शकतो. जो नियम घरी असलेल्याचे ज्ञान सिद्ध करत नाही, त्याच नियमाच्या जोरावर परतलेल्या सैनिकाला अडवणे मला न्याय्य वाटत नाही.

शिवाय सहा महिने म्हणजे किती? कॅलिफोर्नियात दोन वर्षांचे 80 तास असतात. मंडळाने ते सगळे मागितले असे धरले, तर आठवड्याला तीन तास होतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण माणूस जानेवारीत परतला, तर त्याच्या सहा महिन्यांच्या मधोमध 15 एप्रिल, म्हणजे करविवरणांची अंतिम तारीख, येते. टेक्ससने परवानाधारक सैनिकाला नूतनीकरणाच्या अटींसाठी दोन वर्षांची जादा मुदत कायद्यानेच दिलेली आहे. तिथे त्यामुळे आभाळ कोसळल्याचे ऐकिवात नाही.

खतावणी

वांगीभात, पडदे दोन असतात हे मान्य आहे आणि त्याबद्दल मीही फार वरच्या आवाजात बोलू शकत नाही. पण नियम ढिला आहे, म्हणून तो एका गटाला लागूच करू नये, हा निष्कर्ष मला पटत नाही. त्यातून नियम घट्ट करावा एवढेच निघते.

मुदतीबाबत करखात्याकडे पाहावे. युद्धक्षेत्रातील सैनिकाला विवरणपत्र भरण्यासाठी तिथला पूर्ण काळ आणि बाहेर पडल्यानंतरचे 180 दिवस मिळतात. मुदत वाढते, पण विवरणपत्र भरावेच लागते. कॅलिफोर्नियाचे सहा महिने त्याच मापाचे आहेत.

पाटावरवंटा

त्याच मापाचे नाहीत. करखाते 180 दिवसांवर आणखी काही देते. सैनिक युद्धक्षेत्रात गेला तेव्हा मूळ मुदतीतले जेवढे दिवस शिल्लक होते, तेही त्यात मिळवले जातात. कलम 114.3 मध्ये असा मिळवणीचा हिशेब नाही. तीन महिन्यांसाठी गेलेला आणि दोन वर्षांसाठी गेलेला, दोघांनाही सहाच महिने. दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

पण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. माझे यजमान दुसऱ्या एका राज्याचे परवानाधारक आहेत आणि गार्डमध्ये आहेत. गेल्या वेळी त्यांना फेब्रुवारीत हुकूम आला. शुल्क माफ झाले, तासही पुढे ढकलले गेले, कागदोपत्री सर्व काही व्यवस्थित होते. तरीही त्या एका वर्षात त्यांच्या एकहाती चालणाऱ्या कार्यालयातील जवळपास निम्मे अशील गेले आणि ते परत आले नाहीत. नोकरदार सैनिकाची जागा राखून ठेवायला 1994 चा केंद्रीय कायदा आहे. मालक परतणाऱ्याला नाकारू शकत नाही. स्वतःचे कार्यालय असलेल्याला मालकच नसतो, मग तो कायदा कोणाविरुद्ध चालवायचा?

आणि सवलतीची एक किंमत असते, तिच्याविषयी इथे अद्याप कोणी बोललेले नाही. तुमच्याच कलम 114.3 मध्ये लिहिले आहे की सवलत चालू असेपर्यंत परवान्याचे काम करायचे नाही. लष्करातच ते काम करणार असाल, तर परवाना ‘मिलिटरी ॲक्टिव्ह’ या वर्गात जातो आणि खाजगी काम पूर्ण बंद होते. युद्धक्षेत्रात असलेल्याला याने काही फरक पडत नाही. पण देशातल्याच तळावर बसून, संध्याकाळी दोन तास लॅपटॉप उघडून जुन्या अशिलांची विवरणपत्रे पुरी करू शकणाऱ्या माणसाला सवलत घ्यायची की धंदा टिकवायचा, यातून एक निवडावे लागते. हे करताना तो शुल्क भरायला आणि तास पूर्ण करायला तयार असतो. माझ्या मते शुल्काची रक्कम हा या चर्चेतील सर्वांत किरकोळ भाग आहे.

रोजकीर्द

ताईंचे दुःख मी कमी लेखत नाही. तरीही विरोधी मत नोंदवतो, कारण या धाग्यात ते कोणी मांडलेले नाही.

सक्रिय सेवेसाठी वेगळे कलम असावेच का? वर्षभर केमोथेरपी घेणारी सीपीए किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणारा सीपीए यांचे तास बुडतातच. त्यांना अर्ज करावा लागतो, वैद्यकीय कागद जोडावे लागतात आणि मंडळाच्या मर्जीवर राहावे लागते. सैनिकाला मात्र कायद्याने हक्क मिळतो. अनेक राज्यांत मंडळाचा खर्च परवानाशुल्कातूनच चालतो, म्हणजे ही माफी सरकार देत नाही, व्यवसायातील बाकीचे लोक देतात. देशसेवेचे मोल देशाने द्यावे. एकच ‘अपरिहार्य कारण’ असे कलम ठेवून सर्वांना समान मुदत द्यावी, असे मला वाटते.

वांगीभात

रोजकीर्द, आजारी व्यक्तीला जास्त द्या, याला माझी हरकत नाही. पण दोन परिस्थिती सारख्या नाहीत. राखीव दलातील माणसाला एका केंद्रीय तरतुदीखाली सलग 24 महिन्यांपर्यंत बोलावता येते आणि तो नाही म्हणू शकत नाही. एका हाताने त्याला बाहेर न्यायचे आणि दुसऱ्या हाताने परवान्यासाठी त्याच्याकडे हजेरी मागायची, असे झाल्यास एकच शासनव्यवस्था दोन तोंडांनी बोलते. आजार सरकार पाठवत नाही.

सहीशिक्का

पुण्यात सीए म्हणून काम करतो, म्हणून एक लहान नोंद. आपल्याकडे प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी होण्यासाठी उमेदवार नागरी क्षेत्रात कमावता असावा लागतो. दुसरीकडे 1949 च्या सीए कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सीए संस्थेच्या परिषदेच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करणे हे प्रॅक्टिस करणाऱ्याच्या बाबतीत गैरवर्तन मानले आहे. म्हणजे तुमच्याकडे परत आल्यावर काय होणार ही चर्चा चालली आहे, आमच्याकडे ‘जाण्यापूर्वी कोणाला विचारायचे’ इथून सुरुवात होते. बाकी चालू द्या.

खतावणी

पाटावरवंटा ताईंचा पहिला आक्षेप मी मान्य करतो. मी अर्धाच दाखला दिला होता. मुदत सेवेच्या लांबीवर अवलंबून असावी: जितके महिने सेवा, किमान तितके महिने, आणि सहाहून कमी कधीच नाही. टेक्ससची सरसकट दोन वर्षे मला जास्त वाटतात, कारण तेवढ्या काळात माणूस दोन पूर्ण मोसम सही करत राहील आणि अभ्यास नंतरच होईल.

त्यासाठी मी एक अट सुचवतो. परतलेल्याने पहिल्या दिवसापासून काम करावे, पण ज्या कामावर सही करायची, त्या विषयाचे तास आधी पूर्ण करावेत. कॅलिफोर्नियात ऑडिट आणि तत्सम अहवालांचे काम करणाऱ्याला 80 पैकी 24 तास लेखा व लेखापरीक्षण या विषयांचेच लागतात. ऑडिट अहवालावर सही करायची असेल, तर ते 24 आधी. कराचे काम असेल, तर मधल्या काळात बदललेल्या करकायद्याचे तास आधी. उरलेले सावकाश.

रोजकीर्द यांना एवढेच सांगतो की समान कलमाची कल्पना मला आवडते, पण ती ‘मंडळाच्या मर्जी’कडे सर्वांना ओढत असेल तर नको. आजारी व्यक्तीला सैनिकाच्या हक्कापर्यंत वर न्यावे.

पाटावरवंटा

विषयवार तासांची कल्पना व्यवहार्य आहे आणि माझ्या यजमानांनाही ती मान्य होईल. पण खाजगी कामाच्या बंदीबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, खतावणी. शुल्क भरणाऱ्या आणि तास पूर्ण करणाऱ्या सैनिकाला, त्याचा वरिष्ठ हरकत घेत नसेल तर, तळावरून अशिलाचे काम करू द्यावे की नाही? हो किंवा नाही, एवढेच सांगा.

खतावणी

हो. त्याने सवलत घेतलीच नसेल, तर त्याच्यावर सवलतीची बंदी लागू करण्याचे कारण उरत नाही. मात्र ऑडिटचे काम नको. बाकीच्या माणसांसोबत जागेवर जाऊन पाहणी न करता त्या अहवालावर सही करणे, लष्करात असो वा नसो, मला मान्य नाही.