पाच महिन्यांच्या बाळाला इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा, जनुकीय रिपोर्टसाठी थांबावं का?

नमस्कार. भाचीबद्दल विचारायचंय. तिचे आईबाबा सध्या काही लिहिण्याच्या मनःस्थितीत नाहीत, म्हणून मी, तिची मावशी, लिहितेय.

जन्मतःच तिच्या डाव्या पोटरीवर लिंबाएवढी जांभळट गाठ होती. 'रक्तवाहिन्यांची आहे, वर्षभरात जिरेल' असं सांगितलं गेलं. दोन महिने प्रोप्रॅनोलॉल (अशा रक्तवाहिन्यांच्या गाठी जिरवायचं औषध) दिलं. जिरणं राहिलं बाजूला, कातडी ताणून चकचकीत झाली, त्या पायात मोजाही चढेना. मग एमआरआय आणि बायोप्सी. निदान इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा, म्हणजे तान्ह्या बाळांना होणारा मऊ ऊतींचा कर्करोग. छातीचा सीटी स्वच्छ आहे. रिपोर्टच्या तळाशी 'पॅन-टीआरके पॉझिटिव्ह, फ्यूजनची खात्री करावी' अशी ओळ आहे, म्हणजे गाठीत टीआरके नावाचं प्रथिन दिसतंय, पण दोन जनुकं चुकीची जोडली गेलीत का (फ्यूजन) हे वेगळं तपासायचंय.

(नाव कळल्यावर आम्ही रात्रभर नेटवर मोठ्या माणसांच्या सार्कोमाचे आकडे वाचले. तुम्ही तसं करू नका.)

एक सर्जन म्हणतात, गाठ नसेला चिकटलीय, काढायला गेलं तर पाय वाचेलच असं नाही. बालकर्करोगतज्ज्ञ म्हणतात, आत्ता कापायचं नाही, तीन आठवड्यांत फ्यूजनचा रिपोर्ट येईल, मग ठरवू. घरात दोन तट पडलेत. आजोबा विचारतात, 'कॅन्सर अंगात ठेवून वाट कसली बघता?' याला काय उत्तर द्यायचं? कुणी या वाटेने गेलंय का?

प्रतिसाद

ताई, आमच्या मुलाच्या दंडात हीच गाठ होती. आज तो चार वर्षांचा आहे आणि दोन्ही हातांनी भावाला बदडतो.

आजोबांना सांगा, ही गाठ वाढते झपाट्याने, पण दूर क्वचितच पसरते, म्हणून डॉक्टरांना थांबायला वाव मिळतो. बहुतेक बाळांत ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुकं चुकीची जोडली जातात. हे १९९८ मध्येच कळलं होतं, पण त्या जोडावर थेट काम करणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ते २०१८ च्या नोव्हेंबरात. ते सुरू केल्यावर आमची गाठ दुसऱ्या आठवड्यातच हाताला मऊ लागायला लागली. सगळ्यांचं असंच होतं असं नाही.

मात्र थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे. गाठीतून रक्त आलं, कातडी फाटली, पाऊल गार किंवा निळसर पडलं तर त्याच क्षणी फोन. अशा वेळी रिपोर्टआधीच व्हिनक्रिस्टीन-ॲक्टिनोमायसिन ही केमोथेरपी सुरू करता येते का, हे आजच विचारून ठेवा.

लॅरोट्रेक्टिनिब पातळ स्वरूपात मिळतं, दिवसातून दोनदा. सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, घशात नाही. बाळाने उलटी केली तर तो डोस पुन्हा द्यायचा नाही, पुढचा ठरल्या वेळी. आम्ही पहिल्याच रात्री घाबरून पुन्हा द्यायला निघालो होतो, नर्सने फोनवर थांबवलं. डोस उंची आणि वजनावरून ठरतो, त्यामुळे बाळ वाढलं की तो बदलतो. यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या चुकवू नका.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. औषध कधी थांबवायचं आणि उरलेली गाठ काढायची की नाही, हे सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञांना एकत्र बसवून विचारा. बंद केल्यावर काहींची गाठ परत येते. लसीकरणाचं कार्डही दाखवा, उपचार चालू असताना जिवंत लसी (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या) सहसा पुढे ढकलतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. रोटाव्हायरसच्या लसीचा, तीही जिवंतच, शेवटचा डोस याच आठवड्यात होता, तो विचारल्याशिवाय देत नाही. आजोबांना पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण उद्याच्या भेटीला येतो म्हणालेत.