घरात कुत्रा आणला की पोरं दयाळू होतात म्हणे!

तिरकस:
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड, 'मुलाला मोबाईल नको, पिल्लू द्या, माणूस घडेल'. राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या मजल्यावर नववीतला पोरगा आहे, घरी हस्की. पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्की! त्याला दिवसभर एसी, शी-शूला न्यायला पगारी माणूस, आणि हाच पोरगा आजोबांच्या वयाच्या वॉचमनला 'ए, लिफ्ट धर' म्हणतो. कुत्रं तर हिटलरकडेही होतं, ब्लाँडी, भयंकर लाडकं.

माऊची आई:
हिटलर आला म्हणजे मुद्दे संपले. आमच्या बोक्याची किडनी गेली तेव्हा मुलगी सातवीत. रोज घरी सलाईन, मानेची कातडी चिमटीत धरून सुई टोचायची, माझे हात थरथरायचे आणि ही त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून 'झालं झालं' म्हणत बसायची. दोन वर्षांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या तर डायपर बदलायला हीच पुढे आणि तोंडात तेच 'झालं झालं'. तो पोरगा उद्धट असेल तर आईबापाला विचारा, हस्कीला कशाला?

पोटरीवाला:
तुमची ही करुणावाली पोरं रात्री ११ ला जिन्यापाशी भटक्या कुत्र्यांना बिस्किटं टाकतात त्याचं काय? मला चावलं. ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, रेबीजच्या लशीची पाच इंजेक्शनं. एकाने तरी विचारलं का काका कसे आहात? सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलंय, ठरलेल्या जागीच खायला घाला.

बिस्किटवाली:
काका, त्याच आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री होती तिथेच परत सोडा असंही आहे, रेबीजची आणि अंगावर येणारी वगळून. ते नाही दिसलं? आणि जागा मागायला तीनदा अर्ज दिला, कमिटी म्हणते जागाच नाही. मग कुठे घालू, डोक्यावर?

पोटरीवाला:
केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत जिन्याच्या तोंडाशी खायला घालायचं नाही असं स्वच्छ लिहिलंय. वाचता येतं ना?

बिस्किटवाली:
येतं. ती जागा सोसायटीने ठरवून द्यायची हेही त्यातच वाचलं.

तिरकस:
अहो, धागा पोरांचा आहे, कुत्र्यांचा नाही.

ढवळ्या-पवळ्या:
आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला जू घासून घासून घट्टा पडलेला असतो, त्यावर मी लहानपणी हळद-तूप चोळायचो. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणताना गळा दाटून यायचा. आणि चार दिवसांनी त्याच हातात पराणी, बैलाला टोचायची काठी! माया खोटी नव्हती, पण रान तर नांगरायचं होतं. फक्त तो घट्टा हाताला लागल्यापासून पराणी जरा हलकी पडायची, एवढं खरं. लाडापेक्षा हे काम पोराला करू द्या.

तिरकस:
बरं. माऊताई, सासूबाईंचं वाचलं, तुमच्या घरापुरतं मान्य. पण बोक्याला धरायला मुलगी होती, पगारी माणूस नव्हता, म्हणजे मी तेच म्हणत होतो.

माऊची आई:
मान्य करताना सुद्धा किती जीव जातो हो तुमचा!

पोटरीवाला:
आणि माझ्या फाटलेल्या पँटचं?