चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे कोपरे कटतात

प्रश्न: चष्म्याचा नंबर उणे ४, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) १.५. टिपेश्वर सफारीत चष्म्यानं कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरचे (डोळा लावून पाहायची खिडकी) कोपरे दिसत नाहीत, काढला तर सगळं धूसर. डायॉप्टरचं (व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या नंबरला जुळवायचं) चाक शेवटपर्यंत फिरवलं. काय करू?

उत्तर १: भाऊ, बऱ्याच कॅमेऱ्यांत चाक उणे ३ पर्यंतच जाते, अन् सिलिंडर तर त्यानं सुधारतच नाही. चष्मा राहू द्या. तो लावूनच, लेन्सला टोपी घालून, आतले आकडे ठळक दिसेस्तोवर चाक फिरवा. दृश्य पाहून लावाल तर फोकसची चूक चाकाच्या माथी माराल.

उत्तर २: कोपरे आयपॉइंटमुळे जातात, म्हणजे आयपीसपासून (व्ह्यूफाइंडरची डोळ्याकडची काच) जेवढ्या लांबून पूर्ण चौकट दिसते ते अंतर. चष्म्याच्या काचेमुळे डोळा आयपीसपासून लांब राहतो. नवा कॅमेरा घ्याल तर आयपॉइंट २० मिमीच्या वर पाहा. सध्या जाड आयकपऐवजी (आयपीसभोवतीचं रबर) पातळ बसवा. रबर पूर्ण काढू नका, धुळीत चष्म्याची काच घासते.

उत्तर ३: चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर) असेल तर चाक लावताना अन् फोटो काढताना काचेच्या वरच्याच भागातून पाहा.