एसी लावून उभी राहिली की गाडी तापते, इंजिनचं हेड खोलावं का?

कर्वेनगरकर:
मंडळी, गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी. रविवारी वाईला जाताना एसी लावून खंबाटकी चढली, तापमानाचा काटा मधून हलला नाही. येताना नवले पुलाच्या अलीकडे अडकलो आणि दहा मिनिटांत काटा लाल रेघेला. एसी बंद, काचा खाली, इंजिनची गरमी काढायला हीटर फुल्ल. मे महिन्यात! बाबांचंच डोकं तापलंय, असा लेकाचा चेहरा.

सोमवारी गॅरेजवाल्याने रेडिएटर धुतला, नवा कूलंट भरला आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा वॉल्व्ह) काढूनच टाकला ("आपल्याकडे लागत नाही"). बुधवारी सिग्नलला पुन्हा तेच. एसी बंद असेल तर पंधरा-वीस मिनिटं तग धरते. आता म्हणतो हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय, १८ हजार. खोलू देऊ?

घाटवाट:
रेडिएटरचं झाकण बदला. माझं त्यानेच थांबलं होतं.

डिझेलकाका:
झाकण बघाच, पण गार इंजिनवर. गरम असताना उघडलंत तर हात भाजेल.

हेडला तूर्त हात लावू देऊ नका. गॅस्केट गेलं असतं किंवा रेडिएटर चोंदला असता, तर गाडी घाटात आधी रडली असती. चालत्या गाडीला वारा आपसूक मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा.

दोन गोष्टी सांगा. काटा चढतो तेव्हा एसीची हवा कोमट होते का? आणि एसी लावल्यावर पंखा फिरतो का?

कर्वेनगरकर:
काका, हवा कोमट होते! मला वाटायचं गॅस कमी झालाय.

आज सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलो. एसी लावला, कॉम्प्रेसर टक् करून लागला, पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत. पंख्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला, तरी नाही.

डिझेलकाका:
मग पंख्याच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावा. लागला तर करंट पोचतोय, मोटर मेली. लांब लाकडी काठीने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक करा. बोटं आणि शर्टाची बाही लांब. पंखा कधीही सुटतो.

कर्वेनगरकर:
लॅम्प लख्ख लागला. लाटण्याने तिसऱ्या टोल्याला पंखा घुर्र करून सुटला, दोन मिनिटांत डॅशबोर्डमधून गारेगार हवा. बंद करून पुन्हा लावला तर परत ढिम्म. (लाटणं धुऊन जागेवर ठेवलंय. घरात सांगितलेलं नाही.)

डिझेलकाका:
मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. गॅरेजला नको, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. मोटर खोलून कार्बन बदलेल. कार्बन ज्यावर घासतात तो आतला कॉम्युटेटर खरवडला असेल तर मात्र मोटरच नवी घ्या. आणि थर्मोस्टॅट परत बसवून घ्या. तो नसला की हायवेवर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं.

कर्वेनगरकर:
कार्बन बदलले, मजुरीसकट ४५०. जुने दाखवले त्याने, एक तर नखाएवढा उरला होता. काल सिंहगड रोडला पाऊण तास एसी लावून रखडलो, काटा मध्यावर. थर्मोस्टॅट शनिवारी.

घाटवाट:
झाकण बघितलंत का पण?