घरी निवांत रेकॉर्डी ऐकायला डीजेचं टर्नटेबल: चालतं की नाही?

मोर्शीकर:
आधी मत सांगतो, मग हाणा. आपल्याकडच्या घरात चांगलं ऐकायचं असेल तर डीजेवाल्यांचं डायरेक्ट ड्राइव्हच घ्यावं, म्हणजे रेकॉर्डीखालची तबकडी मोटर थेट फिरवते ते. शहरातले जाणकार म्हणतात, ते वरातीचं सामान, घरी बेल्टवालंच, म्हणजे मोटर पट्ट्याने तबकडी फिरवते तेच, शोभतं. अहो, टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे डायरेक्ट ड्राइव्ह १९७२ साली आलं तेच घरी ऐकणाऱ्यांसाठी! क्लबवाल्यांनी ते नंतर उचललं, कारण मोटर दणकट आणि तबकडी झटक्यात वेग धरते. त्याच्याच १९७९च्या सुधारित एमके २ मध्ये तर वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाने बांधलेला, वॉव-फ्लटर म्हणजे वेगातली थरथर ०.०२५ टक्के. व्होल्टेज पडो की चढो, सूर हलत नाही. बेल्ट मात्र आपल्या मे महिन्यात ढिला पडतो आणि नवा तालुक्याला मिळत नाही.

पुलगावचा:
१२०० चांगलंच आहे हो, पण गावात ते किती जणांना परवडतं? लोक डीजेचं म्हणून घेतात ते स्वस्तातलं, सरळ दांडीच्या टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताचं. ती दांडी स्क्रॅचिंगसाठी असते. रेकॉर्ड मागेपुढे ओढली तरी सुई उडू नये, एवढंच तिचं काम. त्यापायी सुईचा कोन खाचेशी जुळत नाही. माझ्या मेहुण्याकडे असलंच एक आहे. एलपीच्या पहिल्या गाण्यात फार कळत नाही, पण लेबलाजवळच्या शेवटच्या गाण्यात बाईंनी 'स' म्हटला की नुसती फसफस. वर डीजेची गोल टोकाची सुई, तीन-चार ग्रॅमचा भार. घरच्या लंबगोल सुईला दीड-दोन ग्रॅम पुरतात.

उमरेडवाला:
काऊन भांडून रायले राजेहो? सुई बदलाले किती येळ लागते? हेडशेल, म्हंजे सुई बसते थे टोक, काढलं, दुसरं लावलं, झालं. अन् थे रेकॉर्डीखालचं फेल्टचं स्लिपमॅट पहिले फेका, रबराचं टाका. आपल्या कोरड्या उन्हायात फेल्ट रेकॉर्डीले चिकटून वर येते अन् स्पीकरातून नुसतं चटचट.

पुलगावचा:
सुई बदलाल भाऊ, दांडी कशी वाकवाल?

उमरेडवाला:
थे मात्र नाही वाकत.

दारव्ह्याची ताई:
तुम्ही सगळे एलपीवरच बोलताय. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या बालगंधर्वांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या रेकॉर्डी आहेत. एमके २ ला ३३ आणि ४५ एवढेच वेग. वेग कमीजास्त करायचा पिचचा स्लायडर आठ टक्क्यांचा, ४५ वरून कितीही ढकला, ७८ गाठत नाही. मग ते दणकट यंत्र माझ्या काय कामाचं?

मोर्शीकर:
ताई, हा मुद्दा बिनतोड. पण मग ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२० बघा. तेही डायरेक्ट ड्राइव्ह, दिसायला डीजेचंच, आर्म वळणदार आणि वेग तिन्ही. फक्त ७८ ला जाड टोकाची सुई वेगळी घ्या. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते, खरखर वाढते आणि सुईही जाते.

वणीचा:
एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. मोटर थेट तबकडीच्या पोटात, म्हणजे तिचे बारीक हिसके सरळ सुईपर्यंत. बेल्ट ते मधेच गिळतो. हे नुसते कानाचे चोचले असते तर २०१० ला बंद केलेलं १२०० कंपनीने २०१६ ला परत आणताना त्यात हे हिसके टाळायला मुद्दाम बिनगाभ्याची (लोखंडी गाभा नसलेली) मोटर का बसवली असती? आणि व्होल्टेजचं म्हणाल तर हल्लीच्या पुष्कळ बेल्टवाल्यांत डीसी मोटर असते, तीही चढउतार सांभाळून घेते.

मोर्शीकर:
मोटरीचं मान्य. पण मार्च ते जून आपल्या खोलीत कूलर धडधडत असतो. त्यात तुम्हाला मोटरीचे हिसके ऐकू येतात?

वणीचा:
कूलर बंद करून ऐकायचं असतं, साहेब.

मोर्शीकर:
मे महिन्यात? या मोर्शीला. एलपीची एक बाजू पूर्ण बसून दाखवा, बेल्टवालं मीच घेऊन देतो.