मदत हवी आहे: खाडीवर मुलं जे शिकतात ते मोजायचं कसं, आणि मांडायचं कुठे?

नमस्कार. मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचा परिसंस्थांचा भाग मी आता ओहोटी बघून खाडीवर घेते. मुलं शिकतायत हे मला दिसतं, पण दुसऱ्या कुणाला दाखवायचं तर हातात काहीच नाही.

एक प्रसंग सांगते. तिवराच्या झाडाखाली चिखलातून बोटभर वर आलेली मुळं बघत होतो. ती वर का येतात, असं विचारल्यावर मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्या चिकलात वारो जाणा नाय, म्हणान मुळां वर येतत." मग त्याने काठीने चिखल उकरला. वर तपकिरी, दोन बोटं खाली काळाकुट्ट, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, हे मला त्या वासावरून सगळ्यांना समजावता आलं.

सत्रान्त परीक्षेत याच मुळांवर पाच गुणांचा प्रश्न होता. त्याने इंग्रजीत दोन मोडकी वाक्यं लिहिली, एक गुण मिळाला. ज्या मुलीला पाचपैकी पाच मिळाले तिला खाडीवर ती मुळं ओळखता आली नव्हती, उत्तर गाईडमधलं होतं. दोघंही कष्टाळू आहेत. पण नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी एक्सेलमध्ये आपण जे 'सीओ ॲटेनमेंट' (विषयाची ठरवलेली उद्दिष्टं किती साध्य झाली त्याचा आकडा) भरतो ते याच गुणांवरून निघतं. त्या आकड्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

पुढच्या सत्रात हे नीट करायचं आहे. आधी आणि नंतर चाचणी घ्यावी असं मनात आहे. वर्गात तिसेक मुलं, एवढ्यावर काही म्हणता येईल का? अर्ध्यांना खाडीवर न्यायचं आणि अर्ध्यांना नाही, हे मला पटत नाही. उत्तरं मराठीत किंवा मालवणीत दिली तर चालवून घ्यायची का? आणि हे सगळं लिहून काढलं तर आमच्यासारख्यांचं छापतं कोण? कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

मॅडम, मी रत्नागिरीकडे भौतिकशास्त्र शिकवतो. आधी-नंतरची चाचणी जरूर घ्या, पण नुसती गुणांची वजाबाकी करू नका. आमच्या विषयात रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा 'जेवढी वाढ शक्य होती त्यातली किती झाली' हे मोजलं. वर्गाची सरासरी ४० टक्क्यांवरून ७० झाली, तर शक्य ६० पैकी ३० मिळाले, म्हणजे ०.५. त्यांच्याकडे नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांची सरासरी ०.२३ आली आणि मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८.

मात्र 'श्वसनमुळं (हवेसाठी वर येणारी मुळं) म्हणजे काय' असला प्रश्न ठेवलात तर पुन्हा पाठांतरच मोजलं जाईल. त्यापेक्षा 'बांध घालून भरतीचं पाणी अडवलं तर या झाडांचं काय होईल, का?' असं विचारा. प्रश्न दोन्ही भाषांत छापा, उत्तर कुठल्याही भाषेत चालू द्या. तुम्हाला कार्यकारण तपासायचं आहे, इंग्रजी नव्हे. रुब्रिक, म्हणजे गुण कशाला द्यायचे याचे निकष, आधीच लिहून ठेवा: कारण सांगितलं का, पुरावा दिला का, नव्या परिस्थितीला लावलं का. नावं झाकून दोघांनी वेगवेगळं तपासा. दोघांचे गुण जुळले नाहीत, तर आधी रुब्रिक सुधारा.

प्रतिसाद २

ताई, प्रॅक्टिकलच्या बॅचेस असतीलच ना? एक बॅच आधी न्या, दुसरी तीन आठवड्यांनी. दुसरी जाण्याआधी दोघींची चाचणी घ्या. तुलना होते आणि कुणी वंचित राहत नाही. मुलांची लेखी संमती घ्या, पण ती घेणारी व्यक्ती तुम्ही नसावी. गुण तुमच्या हातात असताना मुलं नाही म्हणत नाहीत.

छापण्याबद्दल: यूजीसीने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक 'यादीत' आहे का या प्रश्नात अडकू नका. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'रेझोनन्स' या मासिकात वर्गातल्या अनुभवांना जागा असते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'एपिस्टीम' परिषद विज्ञानशिक्षणातल्या संशोधनासाठीच आहे, तिच्यावर लक्ष ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बॅचची युक्ती लगेच करता येईल, माझी सगळ्यात मोठी अडचण तिथेच होती. बांधाचा प्रश्नही घेते, आमच्याकडे खारलँडचे (भरतीचं खारं पाणी अडवणारे) बंधारे मुलांच्या घरामागेच आहेत.

आता एकच हवं आहे: दुसरा तपासनीस. मालवणी कळणारा, पण आमच्या मुलांना न ओळखणारा. देवगड, वेंगुर्ला, राजापूर, कुठलंही महाविद्यालय चालेल. दिवाळीनंतर तिसेक उत्तरपत्रिका, नावं झाकून पाठवीन. बदल्यात तुमच्या मुलांच्या मी तपासून देईन. कुणाला जमेल?