आरोपपत्र आलं की खुर्ची सोडायची, की निकालापर्यंत थांबायचं? (मेनेंडेझ प्रकरणावरून)

हडसनपार

न्यू जर्सीचे माजी सिनेटर बॉब मेनेंडेझ जून 2025 पासून पेनसिल्व्हेनियातल्या तुरुंगात आहेत. 11 वर्षांची शिक्षा. पत्नी नदीन यांना सप्टेंबर 2025 मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तरी इथल्या मराठी मंडळींत विषय निघाला की निम्मे म्हणतात, "चोर होता, बरं झालं." उरलेले म्हणतात, "सगळेच खातात हो, हा सापडला." माझं भांडण दोघांशीही आहे.

ज्यांना तपशील आठवत नाहीत त्यांच्यासाठी: जून 2022 मध्ये एफबीआयने त्यांच्या एंगलवुड क्लिफ्सच्या घराची झडती घेतली. 4 लाख 80 हजार डॉलरहून जास्त रोकड निघाली. पाकिटांत, कपाटांत, तिजोरीत, आणि स्वतःचं नाव शिवलेल्या जॅकेटच्या खिशातसुद्धा. वर सोन्याची बिस्किटं. 22 सप्टेंबर 2023 ला आरोपपत्र आलं. सिनेटच्या परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद हाताशी असताना इजिप्त सरकारच्या आणि न्यू जर्सीतल्या तीन व्यावसायिकांच्या फायद्यासाठी वजन वापरलं, असा आरोप. 16 जुलै 2024 ला ज्युरीने सोळाच्या सोळा कलमांत दोषी धरलं. राजीनामा 20 ऑगस्टपासून लागू झाला. म्हणजे आरोपपत्रानंतर जवळजवळ अकरा महिने हा माणूस आपला सिनेटर होता.

माझं म्हणणं असं की आरोपपत्र वाचलं त्याच दिवशी लोकांनी राजीनामा मागायला हवा होता. गव्हर्नर फिल मर्फी यांनी मागितला. राज्याचे दुसरे सिनेटर कोरी बुकर यांना चार दिवस लागले. पण खरा राग मला 2018 चा आहे. 2015 मध्ये पहिलं आरोपपत्र आलं होतं, फ्लॉरिडातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडून विमानप्रवास आणि भेटी घेतल्याचं. 2017 मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही, खटला बारगळला. एप्रिल 2018 मध्ये सिनेटच्या नीतिसमितीने (दोन्ही पक्षांचे सभासद असतात तिच्यात) कडक शब्दांत समज दिली. आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्याने त्यांना 54 टक्के मतं देऊन परत पाठवलं. दुसऱ्या आरोपपत्रातले उद्योग कधी सुरू झाले बघा: 2018.

अपीलात

हडसनपार, तुमचा राग समजतो, तर्क समजत नाही.

2015 च्या आरोपपत्रावर तुमचा नियम लावा. तेव्हाही लोकांनी "उतर खाली" म्हणायला हवं होतं ना? मग जानेवारी 2018 मध्ये न्यायाधीशांनी काही कलमांत सरळ निर्दोष ठरवलं आणि उरलेली सरकारी वकिलांनीच मागे घेतली, त्याचं काय? गेलेलं पद कोण परत देणार होतं? आरोपपत्र ही एका बाजूची कहाणी असते. आरोपपत्र द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीसमोर बचावाचा वकील उभा नसतो. त्या कागदावर आमदारकी-खासदारकी जायला लागली तर निवडणुका मतपेटीत कमी आणि वकिलांच्या कचेरीत जास्त होतील.

आणखी एक. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल यांची शिक्षा एकमताने रद्द केली. त्यांनी घड्याळ, कपडे, कर्ज, सगळं घेतलं होतं, पण बदल्यात जे केलं ते कायद्याच्या अर्थाने 'सरकारी कृती' ठरत नाही, असं म्हणून. लोकांच्या नजरेत दोषी आणि कायद्याने दोषी यांत एवढं अंतर असतं. ते तुम्ही पुसायला निघाला आहात.

चिमूटभर मीठ

कपाटात सोनं सापडणं हा गुन्हा असेल तर आमच्या सगळ्या आज्यांना एफबीआयने कधीच उचललं असतं.

हडसनपार

@चिमूटभर मीठ, आजीच्या पाकिटांवर बिल्डरच्या बोटांचे ठसे नसायचे. इथे होते, फ्रेड डेब्स यांचे. आणि "एक किलो सोन्याची किंमत किती" हे आजीने इजिप्तहून परतल्या परतल्या इंटरनेटवर शोधलं नव्हतं.

@अपीलात, मॅकडॉनेलचं उदाहरण तुम्ही दिलंत ते माझ्याच कामाचं आहे. कायदा इतका अरुंद झालाय की त्यातून जो सुटतो तो स्वच्छ असतोच असं नाही. म्हणूनच मतदाराने कायद्याच्या मापाने मोजू नये. 'दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष' हे तुरुंगात टाकण्याबद्दल आहे. सिनेटची जागा हा कोणाचा सातबारा नाही. बँकेच्या रोखपालावर अफरातफरीचा आरोप आला तर निकाल लागेपर्यंत त्याला तिजोरीवर बसवतात का?

अपीलात

रोखपालाला बँकेने नेमलेलं असतं, सिनेटरला लाखो लोकांनी. बँक उद्या दुसरा रोखपाल आणेल. आणि तात्पुरतं बाजूला करण्याची सोय इथे आहेच की! गंभीर आरोप आला की समितीचं अध्यक्षपद सोडायचं हा डेमोक्रॅट सदस्यांचा पक्षांतर्गत नियम आहे. मेनेंडेझनी 2023 मध्ये ते सोडलं. परराष्ट्र धोरणाची किल्ली काढून घेतली, मत देण्याचा हक्क राहिला. याहून अधिक निकालाआधी का हवं, ते सांगा.

गुंडाभाऊ

दोघेही तत्त्वाचं बोलताय, छान वाटतं वाचायला. आता हिशेबाचं बोलू.

मेनेंडेझ गेले असते तर बदली कोण नेमणार होतं? डेमोक्रॅट गव्हर्नर. जागा पक्षाकडेच राहणार. म्हणून अर्ध्याहून जास्त डेमोक्रॅट सिनेटर्सना आठवड्याभरात नीतिमत्ता आठवली. आता हाऊसमधले (कनिष्ठ सभागृहातले) टेक्सासचे हेन्री क्वेयार बघा. तेही डेमोक्रॅट. मे 2024 मध्ये आरोपपत्र, अझरबैजानी तेल कंपनी आणि मेक्सिकन बँकेकडून सुमारे 6 लाख डॉलर घेतल्याचं. तिथे मतदारसंघ डळमळीत, हाऊसमध्ये एकेक जागा मोलाची. पक्षाच्या नेत्यांचं म्हणणं काय? त्यांना न्यायालयात बाजू मांडायचा हक्क आहे. नोव्हेंबरमध्ये ते निवडूनही आले. पुढे डिसेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली, खटलाच उभा राहिला नाही.

उलट बाजूला हाऊसमधलाच न्यूयॉर्कचा जॉर्ज सँटोस. रिपब्लिकन, दोषी ठरण्याआधीच 1 डिसेंबर 2023 ला 311 विरुद्ध 114 मतांनी हकालपट्टी. त्याच्या पक्षाचे निम्मे लोक तरी त्याला वाचवायला उभे राहिले, कारण बहुमत काठावरचं. तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर फेटरमन म्हणाले, सँटोसला काढलंत तर मेनेंडेझला का नाही? बरोबर विचारलं. पण सिनेटमध्येही दोन तृतीयांश मतं लागतात आणि 1862 नंतर तिथून कोणाला काढलेलं नाही.

राहिले मर्फी. त्यांच्याबद्दल 'त्याच दिवशी राजीनामा मागितला' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी आठवा की दोन महिन्यांत त्यांच्या पत्नी टॅमी त्याच जागेसाठी उभ्या राहिल्या होत्या.

जुना जर्सीकर

गुंडाभाऊंशी बरंचसं सहमत, पण लोक म्हणजे फक्त पुढारी नव्हेत. युनियन सिटीत काय झालं ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

हे गाव क्युबातून आलेल्या लोकांचं, 'हवाना ऑन द हडसन' म्हणायचे. मेनेंडेझ तिथेच वाढले, तिथलेच महापौर झाले. त्यांचे राजकारणातले गुरू विल्यम मस्टो, महापौर आणि राज्याचे सिनेटर. मस्टोंवर फेडरल खटला झाला तेव्हा तरुण मेनेंडेझनी त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. भ्रष्टाचाराशी लढणारा म्हणून त्यांचं नाव झालं ते तिथून. मे 1982 मध्ये मस्टोंना 7 वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी गावात निवडणूक होती. मस्टो जिंकले. हरलेल्यांत मेनेंडेझ होते!

शिक्षा झालेल्या माणसाला गाव चोवीस तासांत निवडून देतं, ते गावाला अक्कल नाही म्हणून नाही. मस्टोंनी कोणाला नोकरी लावली होती, कोणाचं घरभाडं थांबवलं होतं. फेडरल सरकारचे वकील त्यांना परके, मस्टो घरचे. 2023 मध्ये मेनेंडेझ पत्रकार परिषद घ्यायला युनियन सिटीतच आले ते उगाच नाही. पैसे घरात का ठेवले, तर म्हणे क्युबात घरच्यांनी जप्ती भोगली, म्हणून तीस वर्षं बचतीतून रोकड काढून ठेवायची सवय. आता आईवडील कॅस्ट्रो यायच्या कितीतरी आधीच अमेरिकेत आलेले, हा माणूस जन्मला न्यूयॉर्कमध्ये 1954 साली. पण ज्यांनी खरोखर सगळं सोडून पळ काढला होता त्यांना ते वाक्य लागलं. मला वाटतं ते त्यांच्यासाठीच होतं.

कसबा पेठ

भारतातून वाचतोय. 1982 वाचून आठवलं, त्याच वर्षी जानेवारीत सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले. तेव्हा शरम नावाची गोष्ट होती.

अपीलात

@कसबा पेठ, तुम्हीच लिहिलंत, निकाल आला आणि गेले. तपास लागला म्हणून नव्हे. आणि अलीकडचं घ्या ना. उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितली त्याच दिवशी, 5 एप्रिल 2021 ला, अनिल देशमुखांनी गृहमंत्रिपद सोडलं. पुढच्या वर्षी नवाब मलिक अटकेत असूनही मंत्री राहिले. एकाच सरकारातले दोघे. तेव्हा शरमेपेक्षा त्या आठवड्यात सरकारला काय परवडत होतं ते बघा.

कसबा पेठ

मान्य, पण इथला एक फरक लक्षात घ्या. आमच्याकडे ईडी दारात आली म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "पक्ष बदलतोय का?" आरोप खरा की खोटा हा दुसरा प्रश्न, आणि तोवर चहा संपलेला असतो. तपास करणाऱ्यावरच भरवसा नसेल तर राजीनामा कशाच्या बळावर मागायचा? तुमचं बरं आहे.

हडसनपार

@कसबा पेठ, तसं तर तसं. पण मेनेंडेझ प्रकरणात 'सूडाचं राजकारण' हे कसं बसवणार? राष्ट्राध्यक्ष बायडन, न्याय खातं त्यांचं, आरोपी त्यांच्याच पक्षाचा, आणि सिनेटमध्ये बहुमत एक-दोन मतांचं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारं सूडाचं राजकारण मी तरी पाहिलेलं नाही. तरी जानेवारी 2025 मध्ये शिक्षा झाल्यावर कोर्टाच्या दारात हे गृहस्थ म्हणाले की ट्रम्प यांचं बरोबर आहे, ही सगळी यंत्रणा राजकीय आहे. दोन्ही महाभियोगांत ट्रम्पना दोषी ठरवायला मत दिलेला माणूस! माफी हवी होती, दुसरं काय.

@जुना जर्सीकर, मस्टोंची गोष्ट भारी आहे. पण तिच्यावरून मला उलटंच वाटतं. लोक निकालानंतरही सोडत नाहीत, तर निकालाची वाट पाहा असं सांगून काय मिळतं?

अपीलात

मिळतं हे, की चुकीच्या माणसाचा बळी जात नाही. आणि "तुमचं बरं आहे" म्हणणाऱ्या कसबा पेठकरांसाठी पुलापलीकडची गोष्ट सांगतो.

न्यूयॉर्कचे महापौर एरिक अ‍ॅडम्स. 26 सप्टेंबर 2024 ला फेडरल आरोपपत्र, तुर्कीकडून विमानप्रवासाच्या सवलती आणि बेकायदा देणग्या. तेव्हाही तुमच्यासारखे अनेक म्हणाले, आजच्या आज जा. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या सरकारच्या न्याय खात्याने खटला मागे घ्यायला सांगितलं. कारण पुराव्याचं दिलं नाही, दिलं ते हे की महापौरांना स्थलांतरितांवरच्या कारवाईत मदत करायला मोकळीक हवी. प्रभारी सरकारी वकील डॅनिएल सॅसून, स्वतः उजव्या विचारांच्या, त्यांनी सही करण्याऐवजी नोकरी सोडली. एप्रिलमध्ये न्यायाधीश डेल हो यांनी खटला कायमचा रद्द केला, पण यात सौद्याचा वास येतो असं निकालात लिहून. म्हणजे खटला भरणं आणि काढणं दोन्ही वरून फिरू शकतं, इथेही. अशा यंत्रणेच्या पहिल्या कागदावर लोकांनी माणूस खाली ओढायचा?

गुंडाभाऊ

ह्या उदाहरणाने तुमचंच नुकसान होतंय, अपीलात. अ‍ॅडम्स खुर्चीवर राहिले म्हणूनच सौद्याला काहीतरी हातात होतं. माजी महापौराकडून वॉशिंग्टनला काय हवं असतं? शून्य. गव्हर्नर होकूल यांना त्यांना काढायचा अधिकार होता, त्यांनी वापरला नाही.

अपीलात

आणि बरंच केलं. मतदारांवर सोडलं. पाठिंबा इतका आटला की सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅडम्स स्वतःच शर्यतीतून बाहेर पडले. मेनेंडेझ यांचंही तेच. मार्च 2024 मध्ये, खटला उभा राहायच्या आधीच, त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) लढणार नाही म्हणून सांगितलं. न्यू जर्सीचेच हाऊस सदस्य, डेमोक्रॅट अँडी किम त्या जागेसाठी आरोपपत्राच्या दुसऱ्याच दिवशी उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये निवडून आले. लोकांनी राजीनामा न मागता काम केलं.

जुना जर्सीकर

किम यांचं नाव घेतलंत तर पुरतं घ्या. तोवर इथे मतपत्रिकेवर पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या पसंतीचे उमेदवार एका ठळक रांगेत छापले जायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. टॅमी मर्फींना बऱ्याच मोठ्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) ती रांग मिळाली होती. किम कोर्टात गेले, मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. त्या रांगेच्या जोरावर मेनेंडेझ वर्षानुवर्षं सुरक्षित होते. 2018 च्या प्रायमरीत जवळजवळ प्रचारच न केलेल्या एका अनोळखी बाईंना 38 टक्के मतं पडली होती, हडसनपार. राग तेव्हाही होता, निवडायला कोणी नव्हतं.

हडसनपार

नोव्हेंबरमध्ये होतं की. समोर रिपब्लिकन उमेदवार होता.

जुना जर्सीकर

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर? ज्यांना तिकडे मत द्यायचंच नव्हतं त्यांनी नाक दाबून मेनेंडेझचं बटण दाबलं. ते काही प्रशस्तिपत्र नव्हे.

आणि जून 2024 बघा. बापाचा खटला मॅनहॅटनमध्ये चालू, रोज पेपरात सोन्याच्या बिस्किटांचे फोटो, आणि नदीच्या ह्या बाजूला मुलगा रॉब मेनेंडेझ स्वतःच्या हाऊसमधल्या जागेची प्रायमरी लढतोय. समोर होबोकनचे महापौर रवी भल्ला, पैसे भरपूर, आपले बरेच देशी लोक त्यांच्यासाठी दारोदार फिरले. मुलगा आरामात जिंकला.

चिमूटभर मीठ

मुलावर आरोप नव्हता.

हडसनपार

नव्हता. पण पहिल्यांदा त्या जागेवर आला तो कोणाच्या नावावर?